ब्रेकखाली आलेली बाटली

गाडीतलं घर : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं गाडीच्या पुढच्या दोन सीटांबद्दल आहेत, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला. गाडीची कॅम्पर, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, करायला घेतली की सगळे मागे धावतात. पलंग केवढा, ओटा कुठे, पाण्याची टाकी किती लिटरची, यातच पैसे संपतात. पुढचा भाग कंपनीकडून आला तसाच राहतो. खरं तर नाशिकहून कोकणात उतरायचं तर अख्खा दिवस पुढच्या सीटवरच जातो, मागच्या पलंगावर आपण फक्त झोपतो.

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. आडगाव नाक्याजवळ आमच्या अण्णांचं कुशनचं दुकान होतं. ट्रकच्या सीटांमध्ये काथ्या भरायचे त्या काळापासूनचं. सोळाव्या वर्षी मी तिथे सुई हातात धरली, त्याला आता 31 वर्षं झाली. आमची स्वतःची ट्रॅव्हलर (फोर्स कंपनीची मिनीबस) आहे आणि तिचा आतला प्रत्येक टाका मी घातलाय.

प्रश्न : आम्ही जुनी ट्रॅव्हलर घेऊन कॅम्पर केली. मागचं काम छान झालं. पुढे मात्र डॅशबोर्डवर चष्मे, मोबाईल, बाटल्या, बिस्किटांचे पुडे, औषधं यांचा ढीग असतो आणि वळणावर सगळं खाली येतं. ऑनलाइन मिळणारे ट्रे बसत नाहीत. सुतार म्हणतो, प्लायचा ट्रे करून देतो. करून घेऊ का? (इंदिरानगर, नाशिक)

प्लायचा नको. का ते सांगते, पण आधी एक प्रसंग ऐका.

सहा वर्षांपूर्वी आम्ही कसारा घाट उतरत होतो. गाडी हे चालवत होते. एक लिटरची स्टीलची बाटली मी माझ्या सीटच्या कडेला नुसती खोचून ठेवली होती. एका वळणावर ती सुटली, घरंगळत गेली आणि नेमकी ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसली. यांनी ब्रेक दाबला तर पेडल अर्ध्यातच अडलं. पुढे कंटेनर. यांनी डोकं शांत ठेवून गिअर खाली घेतला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला. मी पट्ट्यासकट वाकून हाताच्या फटक्यानं बाटली बाजूला उडवली. गाडी कडेला थांबली तेव्हा माझी बोटं थरथरत होती. बाटलीला पेडलच्या कडेचा पोचा पडलाय. ती आजही दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. कॅबिनचं काम घेऊन कुणी आलं की मी आधी ती बाटली दाखवते.

म्हणून माझं एकच म्हणणं असतं. पुढे जागा वाढवायच्या आधी पुढच्या वस्तू कमी करा, आणि ज्या उरतील त्यातली एकही मोकळी ठेवू नका.

एका रविवारी गाडी सावलीत लावा, जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि पुढचं सगळं सामान तिच्यावर काढा. डॅशबोर्डवरचं, दाराच्या कप्प्यातलं, सीटखालचं, सगळं. मग तीन ढीग करा: गाडी चालताना लागणारं, थांबल्यावर लागणारं आणि उगाच पुढे राहिलेलं. आमच्या गाडीत 41 वस्तू निघाल्या होत्या. चालताना खरोखर लागणाऱ्या निघाल्या नऊ. दोन वर्षांपूर्वी संपलेली उदबत्तीची पुडीसुद्धा त्या ढिगात होती. नऊ वस्तूंना कोणीही जागा देऊ शकतं.

आता ट्रेचं. पन्नासच्या वेगात असलेली गाडी कशावर आपटून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतली प्रत्येक मोकळी वस्तू आपल्या वजनाच्या साधारण 14 पट जोरानं पुढे जाते. किलोभराची बाटली 14 किलोच्या धोंड्यासारखी येते. प्लायची कडा त्या क्षणी कुणाच्या कपाळासमोर असेल याचा विचार करा. म्हणून डॅशबोर्डवरचं काम मऊच हवं.

मी असं करते. आधी वर्तमानपत्राचा कागद डॅशबोर्डवर पसरून कडेकडेनं बोट दाबत छाप घ्यायचा. काचेजवळच्या हवेच्या फटी कागदावर पेननं खुणा करून तेवढा भाग कापून टाकायचा. पावसाळ्यात काच धूसर झाली की तीच हवा काच साफ करते, ती अडवली तर घाटात आंधळं व्हायची पाळी. ‘एसआरएस एअरबॅग’ ही अक्षरं जिथे उमटवलेली असतील तिथून चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडायची. उरलेल्या आकाराचा दहा मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्यांना वापरतात तो रबरासारखा फोम) कापायचा, त्याच्या कडेनं दोन बोटं उंचीची फोमचीच भिंत चिकटवायची आणि वरून रेक्झिन चढवायचं. रेक्झिन काळं किंवा गडद राखाडी आणि बिनचमकेचं घ्या. हा आग्रह मी सोडत नाही. गेल्या वर्षी एका ताईंनी हौसेनं मोतिया रंग निवडला. दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत असं पडायचं की रस्ताच दिसेना. आठ दिवसांत परत येऊन बदलून घेतला.

ट्रे दुहेरी चिकटपट्टीनं लावू नका. नाशिकच्या एप्रिलमध्ये उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड हात टेकवेना इतका तापतो, सत्तर अंशांच्याही वर जातो. चिकटपट्टी विरघळून मेणासारखी ओघळते. रुंद, चांगल्या प्रतीचं वेल्क्रो घ्या, त्याची पाठ शिवून घ्या आणि लावायच्या आधी डॅशबोर्ड पॉलिशचा थर जाईपर्यंत साबणाच्या पाण्यानं पुसा. डॅशबोर्ड असा तापतो म्हणूनच पॉवर बँक, लायटर, डिओडरंटचा डबा यांतलं काहीही त्या ट्रेमध्ये कधीच ठेवायचं नाही.

तयार झाला की परीक्षा घ्या. सगळं सामान जागेवर ठेवून मोकळ्या मैदानात तीसच्या वेगानं जा आणि करकचून ब्रेक दाबा. जे जागेवरून हललं, ती त्याची जागा नव्हे. बाटल्या तर ट्रेमध्ये नकोतच. त्या दाराच्या कप्प्यात, आणि कप्पा रुंद असेल तर फोमचा आडवा तुकडा घालून घट्ट बसतील अशा. खाऊचे डबे शेजारच्या सीटच्या पाठीमागे कॅनव्हासच्या खिशात. सन व्हायझरवर कागद आणि चष्मा, त्याहून जड काही नाही. दोन सीटांमधल्या इंजिनाच्या उंचवट्यावर पिशव्या ठेवायचा मोह आवरा. तो भाग गरम होतो आणि पिशवी गिअरला आडवी येते.

प्रश्न : सासूबाईंनी सप्तशृंगीची पितळी मूर्ती गाडीत ठेवायला दिली आहे, चांगली वीतभर उंच. नवरा म्हणतो, धोका आहे. सासूबाईंना वाईट वाटेल. कुठे बसवू? (सिन्नर)

तुमच्या यजमानांचं बरोबर आहे आणि सासूबाईंचंही. देवीशिवाय गाडी आमच्याकडेही निघत नाही, वणीचा घाट चढताना तर नाहीच.

पण वीतभर पितळ म्हणजे किलोभर तरी वजन, आणि त्याला मुकुटाची टोकं. डावीकडे डॅशबोर्डखाली एअरबॅग असेल तर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि वरची मूर्ती शेजारी बसलेल्याच्या तोंडावर जाते. ही मूर्ती मागच्या भागात आणा. ओट्याच्या वरच्या भिंतीत छोटा कोनाडा करा, मूर्तीच्या चौथऱ्याला खालून दोन स्क्रू घ्या आणि पुढून दोन बोटांची आडपट्टी लावा. तिथे सासूबाईंना दिवा नाही लावता येणार, पण फूल वाहता येईल आणि समोर बसून हात जोडता येतील. पुढे म्युझिक सिस्टीमच्या वर मधोमध देवीचा पातळ टाक किंवा छोटी तसबीर चिकटवा, काचेची नको. आणि हे सगळं त्यांच्याच हातून करवून घ्या. माझ्या आईची मूर्ती मी अशीच हलवली होती. जागा तिनं निवडली, मी फक्त स्क्रू पिळले.

प्रश्न : माझी मारुती इको व्हॅन आहे, मागे झोपायची सोय केली आहे. दोन तास चालवली की कंबर धरते आणि खालून सीट तापते. जाड गादी टाकली तर कंबर आणखी दुखायला लागली. काय करावं? (मालेगाव)

ही दोन दुखणी वेगळी आहेत, औषधही वेगळं.

इकोचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली आहे, त्यामुळे थोडी धग येणारच. पण चटका बसत असेल तर सीट उचलून इंजिनाच्या झाकणाभोवतीचं रबर बघा. सर्व्हिसिंग करताना झाकण उघडतात आणि लावताना एखादी क्लिप नीट बसत नाही किंवा रबर दुमडून राहतं. तिथून गरम हवा थेट वर येते, सोबत धुराचा वासही येऊ शकतो. वास येत असेल तर त्याच दिवशी मेकॅनिककडे जा, तो विषय कुशनवाल्याचा नाही. रबर ठीक असेल तर झाकणाच्या सीटकडच्या बाजूला उष्णता परतवणारी चंदेरी शीट लावून घेता येते. खालच्या पोकळीत गोणपाट, फोमचे तुकडे, जुने कपडे कोंबू नका. मी हे पाहिलंय, म्हणून सांगते. तिथे पेट घेईल असं काहीही नको.

आता कंबर. अण्णा म्हणायचे, सीट बसताना कळत नाही, उठताना कळते. दुकानात बसून मऊ वाटलेली गादी सिन्नर येईपर्यंत तळाला गेलेली असते. मग बूड खोल जातं, गुडघे वर येतात, कमरेचा कणा बाहेरच्या बाजूला वाकतो. तुम्ही जाड गादी टाकलीत तेव्हा आणखी एक झालं. तुम्ही वर उचलला गेलात, पण पाठीचा आधार तिथेच राहिला. म्हणजे जो फुगवटा कमरेला हवा तो आता माकडहाडाला टोचतोय.

गादी काढून टाका. आधी फुकटचा उपाय करा: अंग पुसायचा पंचा घट्ट गुंडाळून, पट्टा बांधतो त्या उंचीवर कमरेमागे ठेवा. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट पुढे-मागे करून आधी हे जमवा. आठवडाभर असं चालवून बघा. आराम पडला तर तेवढ्याच मापाचा फुगवटा कुशनवाल्याकडून पाठीत कायमचा शिवून घ्या.

तरी दुखलं तर बैठकीचा फोम बदला. कुशनवाल्याला 40 डेन्सिटीचा एचआर फोम (दाबल्यावर लगेच परत उसळणारा) खाली आणि इंचभर मऊ थर वर असं सांगा. 40 म्हणजे एका घनमीटरला 40 किलो. स्वस्तातल्या कामात याच्या निम्म्यानं वापरतात, तो वर्षभरात बसतो. फोम बघायला आला की त्यावर गुडघा टेकवून पूर्ण वजन द्या. खालचा पत्रा लागला तर तो परत करा. आणखी एक बारकावा, जो बरेच कारागीर विसरतात: पुढची कडा. मांडीच्या खाली येणारी कडा हॅक्सॉच्या पात्यानं तिरकी उतरवून गोल करायची असते. ती उंच राहिली तर मांडीखालची शीर दाबली जाते आणि अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतात. मी कडा कापल्यावर त्याच्यावर हात फिरवून बघते. भाकरीच्या कडेसारखी हाताखालून निसटत गेली पाहिजे, पायरी लागता कामा नये.

कापड सुती घ्या किंवा जाळीचं. रेक्झिन पुसायला सोपं, पण मालेगावच्या उन्हात दहा मिनिटांत पाठ भिजते. आणि सीट कितीही उत्तम झाली तरी दर दोन तासांनी खाली उतरून शंभर पावलं चाला. त्याला पर्याय मी अजून शिवू शकलेले नाही.

प्रश्न : परदेशातल्या कॅम्परमध्ये ड्रायव्हरची सीट फिरवून मागे तोंड करता येते. आमच्या ट्रॅव्हलरला तसं बसवून द्याल का? (गंगापूर रोड, नाशिक)

नाही, आणि दुसऱ्या कुणाकडूनही बसवू नका.

तिकडच्या बऱ्याच कॅम्पर फियाट ड्युकॅटो या व्हॅनवर बांधलेल्या असतात. त्या गाडीत दोन सीटांच्या मध्ये जमीन सपाट, गिअरचा दांडा डॅशबोर्डवर. सीट फिरली तरी गुडघ्याला काही लागत नाही. आपल्या ट्रॅव्हलरमध्ये मधोमध इंजिनाचा उंचवटा आहे, सीट फिरणार कुठे? शिवाय फिरती तबकडी घातली की सीट दोन-तीन बोटं वर जाते, पाय पेडलवर नीट पडत नाहीत. आणि सीट ज्या बोल्टांवर बसते ते अपघातात माणसाला धरून ठेवायला असतात. ते उपटून बाजारातल्या तबकडीवर माणूस बसवायचा, हे काम माझ्या हातून होणार नाही.

कागदपत्रांचंही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. तुम्ही मागच्या सीटा काढून पलंग केला असेल, तर आसनसंख्या आरसी बुकावर बदलून घेतली आहे ना? नसेल तर आधी पेठ रोडवर आरटीओत जाऊन ते काम करा. विम्याचा दावा करायची वेळ आली की पहिलं बोट तिथेच ठेवतात.

समोरासमोर बसायची हौस मी अशी भागवली आहे: पुढच्या सीटांच्या मागच्या आडव्या पट्टीवर दीड फूट रुंदीची उचलून ठेवता येणारी फळी आणि तिच्यामागे मागच्या बाजूला तोंड करणारं लहान कुशन. गाडी उभी असतानाच वापरायचं. निघताना फळी पलंगाखाली सरकते आणि तिथे तिला पट्टा बांधलेला असतो.

प्रश्न : नवीन गाडीला सीट कव्हर घालायचे आहेत. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असा टॅग आहे. चालेल का? (देवळाली कॅम्प)

बंद शिवणीचं कव्हर चालणार नाही. सीटमधली एअरबॅग त्या कडेची शिवण फाडून बाहेर येते. वर जाड कव्हर असेल तर ती उशिरा येईल किंवा भलत्याच दिशेला येईल. त्या कडेला उघडं राहणारं, किंवा मुद्दाम कच्च्या दोऱ्यानं शिवलेलं आणि त्यासाठी तपासलेलं कव्हर घ्या. शंका असेल तर फक्त बैठकीला आणि मधल्या पाठीला सुती आच्छादन घाला. मी स्वतः अशा सीटला हात लावत नाही, तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते.

प्रश्न : डॅशबोर्डच्या सॉकेटवर छोट्या इन्व्हर्टरनं घरची चहाची किटली चालवली तर फ्यूज उडाला. मोठा इन्व्हर्टर जोडावा का? (सातपूर)

त्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत 10 किंवा 15 अँपिअरचा असतो. 12 व्होल्ट गुणिले 15, म्हणजे 180 वॉट. घरची किटली 1500 वॉटची. फ्यूज उडाला हे चांगलंच झालं, नाहीतर वायर जळाली असती. मोठा फ्यूज घालू नका. सॉकेटवर मोठा इन्व्हर्टर लावूनही हिशोब बदलत नाही, कारण वायर तीच.

12 व्होल्टच्या दीडशे वॉटच्या किटल्या मिळतात, पण त्या 15 अँपिअरच्या फ्यूजवरच चालतील, 10 च्या नाही. त्यात दीड-दोन कप पाणी उकळायला पंधरा ते वीस मिनिटं लागतात, आणि त्यादेखील चालत्या गाडीत नकोत. उकळतं पाणी ड्रायव्हरच्या शेजारी ठेवायचं नसतं. घरून थर्मास भरून घ्या. तो सॉकेट मोबाईलसाठी राहू द्या, आणि चार्जिंगची वायर डॅशबोर्डच्या कडेनं क्लिपांत बसवून घ्या. लोंबती वायर गिअरच्या दांड्यात अडकते.

प्रश्न : डिसेंबरात भंडारदऱ्याला गाडीत मुक्काम केला. सकाळी पुढच्या काचा आतून ओल्या, डॅशबोर्डवरही पाणी. आणि उन्हाळ्यात तोच भाग भट्टी होतो. एकाच पडद्यात दोन्ही भागेल का? (नाशिकरोड)

एकाच पडद्यात भागणार नाही.

उन्हासाठी पडदा काचेच्या बाहेरून हवा. आतून लावलेली चंदेरी शीट ऊन परतवते खरी, पण तोवर काच तापलेली असते आणि काच व शीट यांच्यामधली धग आतच राहते. ताडपत्रीच्या जातीचं हलकं कापड पुढच्या काचेच्या मापानं शिवा, दोन्ही कडांना हातभर लांब पाळ ठेवा आणि ती पाळ दारात चिमटून दार लावा. वारा आला तरी उडत नाही, बाहेरून कुणाला काढताही येत नाही. कायमची काळी फिल्म हा उपाय नाही: पुढच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आत आलाच पाहिजे, असा नियम आहे.

थंडीतलं पाणी हा तुमचाच श्वास आहे. तो थंड काचेवर थिजतो. त्यासाठी पुढच्या सीटांच्या मागे, छतापासून जमिनीपर्यंत, जाड गोधडीसारखा पडदा लावा म्हणजे झोपायचा भाग वेगळा होईल. आणि झोपायच्या भागातल्या समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवा, बाहेर कितीही गारठा असला तरी. आमच्या पडद्यात मी आईच्या दोन जुन्या नऊवारी आणि मधे पातळ घोंगडी घातली आहे. खाली शिवणीत सुतळी ओवून तिला लहान वाळूच्या पिशव्या बांधल्या आहेत, म्हणजे पडदा जमिनीला टेकून राहतो. सकाळी तरीही काच थोडी ओली असेलच. ती पुसायला मऊ फडकं ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवा, आणि पुसून झालं की तिथेच परत ठेवा.